टाटाला जायच्या आदल्या रात्री : दादरच्या एका लॉजचं प्रकरण

दादर स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये काढलेल्या एका रात्रीचं हे प्रकरण. सांगलीत आम्ही काही जण ग्राहकांची कागदपत्रं बघून देतो, तिथं तासगाव तालुक्यातलं एक द्राक्षबागायतदार कुटुंब ही तक्रार घेऊन आलं. वादातली सगळी रक्कम पाच हजारांच्या आत. तरी सगळं सविस्तर लिहायचं कारण असं, की सांगली-मिरजेहून परळच्या टाटा हॉस्पिटलला पहिल्यांदा निघालेल्या कितीतरी घरांना अशीच एक रात्र काढावी लागते. त्या वेळी घरात आधीच एवढी धास्ती असते, की राहण्याचं कुठंतरी 'बघू तिकडं गेल्यावर' म्हणून सोडून दिलं जातं. या घरानं तसं सोडलं नव्हतं. चार दिवस आधी बुकिंग केलं होतं, पैसे भरले होते. तरीही जे व्हायचं ते झालं, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. ओळख पटेल असा तपशील कुटुंबाच्या सांगण्यावरून काढला आहे; आकडे पावत्यांवरचे आहेत.

माणसं आणि निमित्त

पेशंट म्हणजे भाच्याची आत्ती, वय अठ्ठावन्न. सोबत तिचे यजमान, म्हणजे भाच्याचे मामा, आणि सांगलीत औषधाच्या दुकानात कामाला असलेला भाचा. आत्तीची बायोप्सी मिरजेत झाली. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं तिथं उपचाराला येतात. त्यामुळे मिरजेच्या डॉक्टरनंच 'एकदा परळला दाखवून या' म्हटलं, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. सोबत नुसते रिपोर्ट न्यायचे नव्हते. स्लाइड आणि ब्लॉकही, म्हणजे बायोप्सीत काढलेल्या तुकड्याचे नमुने, न्यायचे होते. ते मामांनी स्टीलच्या डब्यात कापूस घालून ठेवले आणि डबा प्रवासभर मांडीवरून खाली ठेवला नाही.

सोमवारी सकाळी नंबर लावायचा होता. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी थेट दादरला उतरता आलं असतं. पण रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच रांगेत उभं राहणं आत्तीला झेपणार नाही, म्हणून रविवारी दिवसा कोयना एक्स्प्रेसनं जायचं आणि रात्री झोपून सकाळी ताज्या अंगानं हॉस्पिटलला पोचायचं ठरलं. पुढं झालेला त्रास बघून मामा म्हणाले, "महालक्ष्मीच धरायला पायजे होती." मला तसं वाटत नाही. त्यांचा बेत शहाणपणाचाच होता. तो मोडला तो काउंटरवर.

बुकिंग

भाच्यानं मोबाइलवरच्या एका ॲपवरून खोली घेतली. भाडं १,३९९ रुपये. फोटोत पांढरी चादर, खिडकी, कमोड आणि लिफ्टचं चिन्ह. वर लाल अक्षरात 'फक्त १ खोली शिल्लक'. शेवटच्या पानावर ७० रुपये जीएसटी आणि ९९ रुपये 'सुविधा शुल्क' जोडून रक्कम १,५६८ झाली. जीएसटी बरोबर होता : २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला पाच टक्के दर आहे. ९९ रुपयांबद्दल मात्र आधी कुठंच काही लिहिलेलं नव्हतं. आधी कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरताना एकेक आकडा वर चढवायचा, या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बंदी घातली आहे. त्यात अशा तेरा फसव्या क्लृप्त्या दिल्या आहेत, आणि खोटी घाई लावून ग्राहकाला गडबडवणं हीसुद्धा त्यातलीच एक.

ॲपनं दोन पर्याय दिले होते : आत्ता सगळे पैसे भरा, किंवा लॉजवर जाऊन द्या. आत्ता भरले तर दीडशे रुपये कमी, म्हणून भाच्यानं भरून टाकले. माणसं मात्र दोनच टाकली. तिघांसाठी खोली महाग दिसत होती आणि मामा खाली चादर टाकून झोपतो म्हणाले होते. लॉजला फोन कुणी केला नाही. 'कन्फर्म' असा मेसेज आलाय म्हटल्यावर फोन करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि हे समजण्यासारखं आहे. पण अडचण तिथूनच सुरू झाली. स्वस्त लॉज एकाच वेळी दोन-तीन ॲपवर असतात, शिवाय दारात येणारं गिऱ्हाईक असतं. ॲपच्या बुकिंगमधून कमिशन जातं, दारातल्या गिऱ्हाइकाकडून रोख मिळते. रविवारी रात्री दादरला गर्दी असली की काउंटरवरचा माणूस कुणाला खोली देईल, हे उघड आहे. मेसेज ॲपचा असतो, किल्ली लॉजच्या हातात असते.

रात्री दहा

लॉज एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. आत्तीचे गुडघे आधीच गेलेले. ती प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत वर गेली. काउंटरवर मॅनेजरनं मोबाइल बघितला आणि सांगितलं, त्या ॲपचं बुकिंग आम्ही घेत नाही, त्यांच्याकडून आमचे पैसे थकलेत, तुमचं तुम्ही त्यांच्याशी बोला. खोली एकच आहे, १,९०० रुपये, तिसऱ्या माणसाच्या गादीचे ३०० वेगळे.

भाच्यानं ॲपच्या हेल्पलाइनला फोन लावला. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर त्यांनी पर्याय दिला तो साकीनाक्याचा. रात्री साडेदहाला, पेशंट बाईला घेऊन, दादरहून साकीनाका, आणि सकाळी परत परळ. हा पर्याय नव्हताच. माझ्या दृष्टीनं या प्रकरणातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच आहे. पैसे घेताना 'टाटा हॉस्पिटलजवळ' हे शब्द त्याच ॲपवर लिहिलेले होते.

यापुढं प्रकरणाला जे वळण लागलं ते आत्तीमुळे. आत्ती गावातल्या महिला बचत गटाची सचिव. गटाचं रजिस्टर, हप्ते, बँकेच्या स्लिपा हे सगळं तिच्या हातानं चालतं. मामा खिशातून नोटा काढत होते, तेव्हा बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "रोख देऊ नगा. मोबाइलवरनं दे रं तू. आणि पावती घे. कागूद नसला की उद्या कोण इचारत न्हाई."

मॅनेजर पावतीला तयार नव्हता. पुस्तक मालकाकडं आहे म्हणाला. मग आत्तीनं रजिस्टर मागून घेतलं. नाव, गाव, येण्याची वेळ असे रकाने होते. वेळेच्या रकान्यात मॅनेजरनं काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथं तिनं स्वतःच्या हातानं 'रात्री १०.४०' लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात 'ॲपवर पैसे भरले असताना खोली नाकारली, नवीन २,२०० दिले' असं लिहून सही केली आणि भाच्याला त्या पानाचा फोटो काढायला लावला. मागच्या भिंतीवरच्या दरपत्रकाचाही फोटो काढून घेतला. पैसे यूपीआयनं गेले. चेक-आउट कधी, असं मामांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "चोवीस तास."

आधार कार्डांचं वेगळंच. झेरॉक्स मशीन बंद आहे म्हणून मूळ कार्डं सकाळपर्यंत ठेवून घेतो, असं मॅनेजरचं म्हणणं. भाच्यानं नकार दिला आणि तिथल्या तिथं क्रमांक लिहून घ्यायला लावला. ओळखपत्राची नोंद घेणं लॉजचं कामच आहे, पण मूळ कार्ड ठेवून घ्यायचं काही कारण नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार हे कार्ड देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट काढता येतं. त्याची एक प्रिंट पिशवीत असावी.

खोली

खोलीला खिडकी नव्हती. मोठ्या हॉलमध्ये प्लायवूडचे पडदे मारून केलेल्या पाच-सहा खोल्यांपैकी ती एक. वरती पडद्याची कड आणि छत यांच्यात हातभर फट, त्यातून शेजारच्याच्या मोबाइलवरचा आवाज सरळ आत. संडास देशी आणि त्याला चढायला उंच पायरी. आत्ती भाच्याच्या खांद्याला धरून चढली. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, तेही बादलीनं.

या घरानं तक्रारीत खोलीच्या दर्जाबद्दल काही लिहिलं नव्हतं. स्वस्तातली खोली अशीच असणार, असं मामांचं म्हणणं. गादी, आवाज, गरम पाणी याबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. पण कमोड आणि लिफ्ट यांचा स्वस्त-महागशी संबंध नाही. जाहिरातीत दाखवलं आणि प्रत्यक्षात नव्हतं, एवढंच. गुडघेदुखीच्या माणसासाठी सगळी निवड त्या दोनच गोष्टींवर झाली होती. म्हणून तो मुद्दा आम्ही नोटिशीत घातला.

आणखी एक गोष्ट आम्ही आमच्याकडून विचारली : जिने किती होते? एकच, लाकडी, आणि त्याच्या तोंडाशी गाद्यांची थप्पी. दिल्लीत करोल बागेतल्या हॉटेलला फेब्रुवारी २०१९ मध्ये आग लागली, त्यात १७ माणसं गेली. कोलकात्यात बडाबाजार भागात एप्रिल २०२५ मध्ये १४ गेली. अशा जागी ज्वाळांच्या आधी धूर माणसाला गाठतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याखाली इमारतीच्या मालकानं किंवा वापर करणाऱ्यानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. रात्री दहाला पेशंट घेऊन गेलेल्या माणसानं ते प्रमाणपत्र मागावं, असं मी म्हणणार नाही. पण खोली बघायला जाताना दुसरा जिना कुठं आहे एवढं विचारता येतं. नसेल आणि हातात दुसरी जागा असेल, तर ती घ्यावी.

सकाळ आणि आठशे रुपये

सकाळी सातला तिघं बाहेर पडले. चोवीस तासांचा हिशेब धरून सामान खोलीतच ठेवलं. हॉस्पिटलमध्ये केसपेपर, फाईल, स्लाइड जमा करणं, मग डॉक्टर, यात दिवस गेला. संध्याकाळी साडेपाचला परत आले तर सामान बाहेर काउंटरपाशी, आणि अर्ध्या दिवसाचे ८०० द्या म्हणून मागणी. ते द्यावे लागले. भिंतीवरचं दरपत्रक दाखवलं गेलं. खाली लिहिलं होतं : चेक-आउट सकाळी १०.

आता रात्री काढलेला फोटो बघा. त्यात दरपत्रकाचा खालचा भाग दिसतच नाही. त्यावर एका दुकानाचं कॅलेंडर लटकवलेलं आहे. संध्याकाळी कॅलेंडर बाजूला गेलेलं होतं. भाच्यानं दुसरा फोटो काढला तेव्हा त्याच्याही हे लक्षात आलं नव्हतं. आमच्या टेबलावर दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर दिसलं.

चेक-आउटच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही रीतसर आहेत. एकात तुम्ही आलात तिथून चोवीस तास. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये ही असते, कारण गाड्या कुठल्याही वेळी येतात. दुसऱ्यात ठरलेली वेळ, दहा किंवा बारा, मग तुम्ही रात्री अकराला आला असलात तरी. फरक छोटा वाटतो, पण रात्री येऊन दिवसभर हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्याला तोच महाग पडतो. तोंडी सांगितलेल्याला पुरावा नसतो, म्हणून फोनवर विचारलं तरी नंतर त्याच नंबरवर एक मेसेज टाकून ठेवावा : 'आपल्याशी बोलणं झालं, चेक-आउट चोवीस तास, तिघांचे अमुक रुपये.' उत्तर आलं नाही तरी तो मेसेज राहतो.

तक्रार कशी चालली

आम्ही प्रश्न दोन भागांत तोडला. ॲपवर दावा भक्कम होता : पैसे त्यांनी घेतले, खोली मिळाली नाही. लॉज आमचं ऐकत नाही, हा त्यांचा आणि लॉजचा आपसातला वाद; ग्राहकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. लॉजवरचा दावा त्या मानानं कच्चा होता. तिसऱ्या माणसाचे ३०० रुपये घेणं लॉजचा हक्कच होता, ते आम्ही कुटुंबाला स्पष्ट सांगितलं. तेवढे मागण्यातून काढून टाकले.

ॲपकडं मागितले १,९०० रुपये : भरलेले १,५६८, आणि आयत्या वेळी महाग खोली घ्यावी लागली तो फरक ३३२. म्हणजे ठरलेल्या दरात गादी धरून १,८६८ मध्ये जी सोय मिळायची, तिला २,२०० पडले, तेवढाच फरक. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकालात काढायची. भाच्यानं त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर ईमेल केला, सोबत पाच कागद : बुकिंगचा मेसेज, यूपीआयची नोंद, रजिस्टरच्या पानाचा फोटो, हेल्पलाइनच्या कॉलची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट आणि हॉस्पिटलच्या फाईलचं पहिलं पान, ज्यावरून गेलेल्या दिवसाची तारीख दिसत होती. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथं मराठीत बोलता येतं.

कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेल्या छापाचं : १,५६८ परत देतो आणि पाचशेचं कूपन. कूपन नको, असं आम्ही लिहायला सांगितलं. कूपन घेतलं की तक्रार 'समाधान झालं' म्हणून बंद होते, आणि ते वापरायला परत त्याच ॲपवर खोली घ्यावी लागते. दुसऱ्या पत्रात एक वाक्य घातलं : ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, त्यामुळे सुनावणी सांगलीत होईल. हे अनेकांना माहीतच नसतं. मुंबईच्या लॉजवर दावा म्हणजे मुंबईच्या चकरा, असं समजून माणसं गप्प बसतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. त्या पत्रानंतर उरलेले ३३२ रुपयेही खात्यात आले.

लॉजला ८०० रुपयांसाठी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली. दोन्ही फोटो जोडले. लिफाफा 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आला.

मग राहायला हवं होतं कुठं?

पहिल्या खेपेचा पेच इथं आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीची रुग्णांसाठीची जागा आहे. दोन्हींचा आधार महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या घरांना आहे. पण तिथं जायला हॉस्पिटलची फाईल आणि पत्र लागतं. पहिल्या रात्री फाईलच निघालेली नसते. म्हणजे ज्या रात्री माणूस सगळ्यात जास्त गोंधळलेला असतो, नेमक्या त्याच रात्री त्याला बाजारातली खोली घ्यावी लागते. हॉस्पिटलपाशी फुटपाथवर पथारी टाकून बसलेली माणसं बघून आपण हळहळतो. त्यातल्या काहींना परवडत नसतं, हे खरं, पण काही जण याच फटीत पडलेले असतात.

आमदारांचं पत्र घेऊन मंत्रालयाजवळच्या आकाशवाणी आमदार निवासात उतरायची आपल्याकडची जुनी रीत आहे. पत्र आधी मिळालं तर तो मार्ग चांगला, पण तिथून परळ लांब पडतं. रेल्वेच्या रिटायरिंग रूमचा, म्हणजे स्टेशनवरच्या मुक्कामाच्या खोलीचा, विचार फार थोडे जण करतात. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साइटवरून ती घेता येते, पैसे आधी भरलेले असतात आणि काउंटरवर घासाघीस होत नाही. सीएसएमटीला डॉर्मिटरीही आहे. खोल्या थोड्या, म्हणून तिकीट काढलं त्याच बैठकीत बघायला हवं. आत्तीसारख्या पेशंटसाठी मी पहिला प्रयत्न तिथंच केला असता, आणि ती नाही मिळाली तर लॉज. पण पैसे आधी न भरता, 'तिथं जाऊन द्या' हा पर्याय निवडून, आणि काउंटरला स्वतः फोन करून. दीडशे रुपये जास्त जातात, पण पैसे अडकत नाहीत आणि दारातून परत फिरायची मोकळीक राहते.

फोनवर काय विचारायचं, तेही या प्रकरणातून पुरतं कळतं. या ॲपचं बुकिंग घेता का, हे आधी. मग तिघांचे सगळे मिळून किती, मजला कितवा, लिफ्ट चालू आहे का, संडास कोणता, चेक-आउट कसा. दोन मिनिटांचं बोलणं आहे. बोलताना समोरचा उडवाउडवीची उत्तरं देत असेल, तर त्याचं बुकिंग त्याच मिनिटाला रद्द करावं. सांगलीत बसून दुसरी जागा शोधायला चार दिवस हातात असतात.

सध्याची स्थिती

आत्तीची पुढची तारीख लागली तेव्हा फाईल निघालेली होती. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून पत्र घेऊन तिघांची सोय धर्मशाळेत झाली. उपचार परळला ठरले असून काही भाग मिरजेत घेता येईल का, हे डॉक्टर बघतायत.

लॉजकडचे ८०० रुपये आलेले नाहीत. आयोगात जायचं का, हा निर्णय आम्ही कुटुंबावर सोडला. दावा दाखल करायला घटनेपासून दोन वर्षं असतात, त्यामुळे घाई नाही. आत्तीनं परत आलेला लिफाफा न फोडता तसाच ठेवलाय, दोन्ही फोटो छापून घेतलेत आणि सगळं बचत गटाच्या फायलींशेजारी वेगळ्या फायलीत लावलंय. औषधोपचाराचं चक्र संपलं की अर्ज करायचा, असं तिनं कळवलं आहे.